सतरा जोड्या

१

आमच्या गावचा तुरुंग घाटाच्या अगदी कडेवर आहे. त्याच्या मागच्या भिंतीपासून उतार सुरू होतो, तो थेट घाटाखालच्या मुलुखापर्यंत. लहानपणी मला वाटायचे, एखाद्या कैद्याने ही भिंत ओलांडली तर तो पळून जाणार नाही, गडगडत जाईल.

कलकत्त्यात सहा वर्षे गणित शिकून मी परत आलो, तेव्हा मी नागपूरला सेक्रेटरिएटात चिकटावे अशी वडिलांची इच्छा होती. मी त्याऐवजी तुरुंगाच्या साहेबांना अर्ज केला. कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवण्याची परवानगी द्यावी, पगार नको. पगार नको हे वाक्य साहेबांना आवडले असावे. आठ दिवसांत परवानगी आली. वडील जेवताना म्हणाले, "लोक शिकून तुरुंगाबाहेर राहतात, आमचे चिरंजीव शिकून आत गेले."

दुसऱ्या बराकीत चौतीस माणसे होती, सगळी लांब सजेची. पाट्या सतराच मिळाल्या, म्हणून मी दोघांत एक पाटी दिली आणि प्रत्येक पाटीच्या मधोमध उभी रेघ ओरखडून काढली. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. जोडीने बसायची त्यांना सवय होतीच, कारण तुरुंगात गिनती जोडीने होते. दिवस कलला की घंटा होते. कैदी दोन-दोनच्या रांगेत उकिडवे बसतात आणि जमादार हिंमतराव एकेका जोडीपुढे काठी जमिनीवर टेकवत जातात. "एक जोडी. दोन जोडी." सतरावर थांबतात. मग बराकीला कुलूप लागते आणि मी निघतो. फाटकातल्या लहान दारापाशी, दिंडीपाशी, पहारेकरी मलाही मोजतो. आत गेलेला आणि बाहेर पडलेला प्रत्येक माणूस मोजायचा, असा तिथला नियम आहे. "एक बाहेर," असे तो ओरडतो आणि माझ्या पाठीमागे दिंडी लावतो. रोज हे असेच चाले.

शेवटची पाटी पुंजाजी आणि शालिग्राम यांची. पुंजाजी डावीकडे, शालिग्राम उजवीकडे. शालिग्राम घाटाखालच्या रोहिणखेडचा. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून आधी कोणाचे बैल जातील यावरून भांडण झाले आणि त्याच्या हातून एक माणूस मेला. सजा झाली काळ्या पाण्याची. पण तोवर समुद्रापार माणसे धाडणे बंद होत आले होते. कागदावर काळे पाणी तसेच राहिले आणि शालिग्राम पहिल्याच वर्षात दोन तुरुंग फिरून स्वतःच्या घरापासून दहा कोसांवर येऊन पडला. चौदा वर्षांत त्याला भेटायला कोणी आले नव्हते. माझ्याकडे तो सहा महिन्यांत एवढेच शिकला: स्वतःचे नाव आणि गावाचे नाव.

चैत्रात त्याला ताप आला, तो उतरलाच नाही. दवाखान्याच्या खोलीत मी त्याच्याजवळ बसलो असताना तो म्हणाला, "मास्तर, जनमठेप म्हंजे जनम सरला की सरली ना जी?"

मी म्हणालो, "हो. मृत्यूबरोबर शिक्षा संपते. कायदाच आहे तसा."

"मंग मेल्यावर मले मांगच्या खिडकीतून नोका नेऊ. फाटकातून न्या. घरी न्या."

मी त्याला शब्द दिला. तेव्हाच्या उत्साहात शब्द देणे मला फार सोपे वाटे.

२

तो वैशाखात, एका सकाळी दहा वाजता गेला. मी निरोप मिळताच धावलो.

मागची खिडकी म्हणजे भिंतीतले कमरेएवढे लोखंडी दार. हिंमतरावांनी आधीच तिचे कुलूप काढून ठेवले होते.

"वारस आले तं त्यायले देतो," ते म्हणाले. "नाई आले तं ही खिडकी. खाली उतारावर जागा हाये."

"वारसांना कळवलं का?"

"जनमठेपवाल्याचे वारस कुठं येतात मास्तर? माह्या नोकरीत म्या एकबी नाई पाह्यला."

मी साहेबांकडे गेलो. दोन दिवस द्या, मी स्वतः रोहिणखेडला जाऊन माणसे आणतो, असे म्हणालो. साहेबांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे नुसते बोट केले. नंतर म्हणाले, "दहन आजच होईल. राख हवी तर तुम्ही घेऊन जा. फाटकातून न्या, माझी हरकत नाही." ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मी अर्धा शब्द तरी राखला, असे मनाला समजावले.

खांदा द्यायला चौघे कैदी होते. मी हट्टाने पुंजाजीच्या जागी खांदा दिला. ओझे जवळजवळ नव्हतेच. आजारी माणूस हलका होतो हे मला माहीत आहे, तरी मी दोनदा मान वळवून तिरडीवर काही आहे ना हे पाहिले. होते. चादरीत पाय स्पष्ट दिसत होते.

दोन वाजता अग्नी दिला. तीन वाजायच्या आत सगळे आटोपले. खालची लाकडे अजून नीट पेटलीही नव्हती आणि वरचे संपले होते. आवाज चटचट असा बारीक, वाळल्या पाचोळ्यावरून कोणी चालत जावे तसा येत होता. मी हिंमतरावांकडे पाहिले.

"जनमठेपवाले लवकर जळतात," ते म्हणाले.

"का?"

"कोन जाने. इतक्या सालात काय उरते मानसात?"

३

त्या संध्याकाळी मी वर्ग घेतला नाही, पण गिनतीपर्यंत थांबलो. मला एक गोष्ट पाहायची होती. चौतीसातला एक गेला, तेहतीस उरले. म्हणजे सोळा जोड्या आणि शेवटी पुंजाजी एकटा. चौदा वर्षांची जोडी मोडलेली मला डोळ्यांनी पाहायची होती. त्यावर मी काही लिहिणार होतो.

हिंमतराव काठी टेकवत आले. पंधरा जोडी. सोळा जोडी. मग पुंजाजीसमोर काठी टेकली.

"सतरा जोडी. गिनती पुरी."

"जमादार," मी म्हणालो, "सोळा जोड्या आणि एक."

"सतरा, मास्तर."

"शालिग्राम आज मेला."

"हाव. म्याच तं खिडकी उघडली."

मला वाटले, दुसऱ्या बराकीतून कोणी आणून बसवला असेल. मी रांगेच्या कडेने चालत एकेका डोक्यावर बोट नेत मोजले. तेहतीस. प्रत्येक तोंड माझ्या ओळखीचे. पुंजाजीच्या उजवीकडे मोकळी जमीन, तिच्यावर काठीच्या टोकाचा ठसा. बरोबर, तेहतीस. समाधानाने मी मागे सरलो आणि सहज, हिंमतरावांसारख्या, जोड्या मोजल्या. सतरा आल्या. कोणी एकटा उरला नाही.

मी पुन्हा मोजले. माणसे मोजली की तेहतीस येत. जोड्या मोजल्या की सतरा येत. पुंजाजीकडे थेट पाहिले की तो एकटा असे. पण एक, दोन, तीन करत नजर त्याच्यापर्यंत पोचे, तेव्हा ती त्याच्यावर थांबत नसे. दोघांवर थांबते तशी थोडी रुंद होऊन थांबे. याहून नीट मला सांगता येत नाही.

"मानसं नोका मोजू," हिंमतराव हळूच म्हणाले. "डोकं फिरते. सरकारले जोड्या पाह्यजे, त्या पुऱ्या हायेत."

फाटकापाशी पहारेकरी ओरडला, "एक बाहेर." ते ऐकून मला बरे वाटले.

४

घरी मी कागद घेऊन बसलो. तेहतीस भागिले दोन. हसू येईल, पण मी ते खरोखर लिहून पाहिले. मग स्वतःला समजावले की दिवसभर उन्हात होतो, खांदा दिला होता, पोटात अन्न नव्हते. दमलेला डोळा सवयीने जे पाहत आला तेच पाहतो.

दुसऱ्या दिवशी पाटीचे झाले. पुंजाजी डाव्या अर्ध्यातच अक्षरे दाटीने गिरवत होता. उजवी अर्धी पाटी त्याने पुसून स्वच्छ ठेवली होती आणि कोपर आवरून घेतले होते, शेजारच्याला लागू नये तसे.

मी म्हणालो, "पुंजाजी, आता पूर्ण पाटी तुझी. पसरून लिही."

"तिकडची बाजू माही नाई जी."

"मग कोणाची?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मीच काही वेडे विचारले आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याले कोनी न्याले आलं नाई ना. मंग जाईन कुठं? बाहीरची वाट त्याले ठाव नाई. तुमी तं शब्द देल्ला व्हता म्हने."

मला राग आला. हीच ती अंधश्रद्धा, हीच ती गुलामी, असे सगळे तोंडाशी आले. कलकत्त्यात असतो तर बोललोही असतो. पण शब्द मी दिला होता, हे खरे होते. त्या संध्याकाळीही सतरा जोड्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी मी उतारावर अस्थी गोळा करायला गेलो. अस्थी नव्हत्या. मऊ, करडी, चिमटीत धरवत नाही अशी राख होती आणि तिच्यात एकच कठीण तुकडा, वाटीसारखा बाक असलेला, काळा. कवटीचा असावा असे मी ठरवले. तो आणि राख मडक्यात भरून मडक्याला फडके बांधले.

मडके घेऊन मी फाटकातून बाहेर पडलो. पहारेकऱ्याने दिंडी उघडली. मी पलीकडे गेल्यावर तो रोज लगेच ती लावतो. त्या दिवशी त्याने दार धरून ठेवले, मागून कोणी येत असेल तर वाट पाहावी तितका वेळ, आणि मग लावले. तो ओरडल्याचे मला आठवत नाही.

५

बैलगाडीने घाट उतरून मी दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणखेडला पोचलो. जुन्या दगडी मशिदीवरून पुढे गेल्यावर कोणीतरी घर दाखवले. ओट्यावर शालिग्रामचा धाकटा भाऊ निवृत्ती दोर वळत बसला होता. शालिग्रामच्या बायकोला, पुष्पाबाईला, ती विधवा झाली हे कसे सांगायचे याचा मी वाटभर विचार केला होता. ती आतून आली तेव्हा तिचे कपाळ मोकळेच होते, हातही मोकळे. खूप वर्षांपासूनचे.

मी ओट्यावर बसून मडके मांडीशी ठेवले. "मी तुरुंगातून आलो. शालिग्राम तीन दिवसांपूर्वी वारले."

"कोनता शालिग्राम?" निवृत्तीने विचारले.

"तुमचे भाऊ."

"माहा भाऊ मेला त्याले चौदा साल झाले. म्याच आग देल्ली."

मग हळूहळू कळले. कोर्टातून निरोप आला की शालिग्रामला काळे पाणी झाले. काळ्या पाण्याहून कोणी परत येत नाही, तिथून कोणाचे प्रेतही येत नाही, मग त्याची क्रिया कोण करणार? पंच बसले आणि म्हणाले, पळस करा. ज्याचे प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानादेठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला रीतसर जाळतात. शालिग्रामच्याच धोतरावर पुतळा मांडला. दहा दिवस सुतक धरले. तेरावे झाले.

माझा संयम सुटला. मी म्हणालो, "ती नुसती पानं होती. तुम्ही पानं जाळलीत. तुमचा माणूस इथून दहा कोसांवर जिवंत होता. तो रोज तुमच्या गावाचं नाव लिहीत होता." त्याच्या हातचा एक कागद मी जपून ठेवला होता, तो खिशातून काढला. मोठ्या, वाकड्या अक्षरांत शालिग्राम, रोहिणखेड. पुष्पाबाईने तो हातात घेतला नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी शिकेल हा. पानं जळाले किती टाइम लागते?"

"फार नाही."

"सकाळी आग देल्ली व्हती. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी जळत व्हतं. लाकडं पुरले नाई, भाऊजीनं दोन डाव गाडी भरून आनली. शेजारच्यायनं दारं लावून घेतले वासानं."

"कसला वास?"

निवृत्तीने दोर खाली ठेवला आणि आत निघून गेला.

"तिसऱ्या दिवशी म्या सोता अस्थी येचल्या," ती म्हणाली. "पुऱ्या निघाल्या. नदीत सोडल्या." मग मडक्याकडे हनुवटी केली. "तुमच्या यात हायेत काय?"

नारळाची करवंटी मी पुष्कळदा पाहिलेली आहे. फडके सोडून तो तुकडा पुन्हा पाहणे अगदी सोपे होते. मी ते केले नाही.

"तरी तुमच्या माणसाची राख आहे," मी म्हणालो. "घरी यायचं एवढंच त्याने मागितलं होतं."

इतका वेळ ती माझ्याशी मोकळ्या तोंडाने बोलत होती. आता तिने पदर चेहऱ्यावर ओढला, पण माझ्या बाजूने नाही. माझ्या उजव्या हाताच्या बाजूने. तिकडे हातभर ओटा मोकळा होता आणि त्यावर ऊन पडले होते.

"याले इथं नोका ठेवू," ती म्हणाली. "आमचा मानूस आमी जाळला. त्याच्या नावानं चौदा साल काढले म्या. हा कोन होय, मले ठाव नाई. ज्यानं आनला त्यानंच न्यावा."

ती रडत नव्हती. मी उठलो.

नदीला धार नव्हती, एक डोह तेवढा होता. मी त्यात मडके उपडे केले. तो कठीण तुकडा बुडाला. राख बुडाली नाही, पाण्यावर पसरून राहिली, तिच्यात कुठे कुठे पानाच्या शिरांसारखी जाळी दिसत होती. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो की आता सगळे संपले. मोठ्याने का म्हणालो, ते मला ठाऊक नाही.

६

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी नेहमीसारखा तुरुंगात गेलो. पाट्या वाटल्या. पुंजाजीने पाटी मांडीवर घेतली, मधल्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून लिहायला लागला. मी त्याच्याशी काही बोललो नाही. मला भीती वाटत होती की बोललो तर तो थांबेल.

घंटा झाली. हिंमतराव काठी टेकवत आले. चौदा, पंधरा.

"सोळा जोडी." मग पुंजाजीपाशी काठी हवेत थांबली. "आनं एक."

मी मनात दोन्ही रीतींनी मोजले. माणसे तेहतीस. जोड्या सोळा आणि एक. पुंजाजी एकटा बसला होता, त्याच्या बाजूला नुसती जमीन होती. शालिग्राम गेल्यापासून पहिल्यांदाच मला खरा आनंद झाला. गावाने घेतला नसेल, पण इथून तो सुटला होता. फाटकातून गेला होता. माझे चुकले असेल, डोळे फसले असतील, काहीही असो, बेरीज जुळली होती.

बराकीत जाताना पुंजाजी माझ्यासमोर थांबला आणि हात जोडले. "लय उपकार झाले जी. चौदा साल म्या सांभाळला. आता माह्यानं होत नव्हतं." मग त्याची नजर माझ्यावरून जराशी सरकली. तो ओळखीचे हसला, जसे आपण जुन्या सोबत्याला पाहून हसतो, आणि मान खाली घालून आत गेला.

"काय हो?" मी हिंमतरावांना विचारले. "काय म्हणाला तो?"

"मले काय इचारता," ते कुलूप लावत म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. "तुमी शब्द देता, मास्तर. आमी नाई देत."

मी फाटकापाशी आलो. ऊन अजून होते. पहारेकऱ्याने दिंडी उघडली, मी वाकून बाहेर पडलो. त्याने दार धरून ठेवले. तेवढाच वेळ. मग मागे, रोजच्याच कंटाळलेल्या आवाजात, तो ओरडला.

"एक जोडी बाहेर."

७

मी परत वळून त्याला काही विचारले नाही. विचारायला हवे होते. माणसे मोजली तर मी एकच आहे, हे मी आरशासमोर, अंगणात, देवळाच्या पायरीवर तपासून पाहिले आहे. जोड्या मी मोजत नाही.

वर्ग चालू आहे. साहेबांनी अहवालात माझे नाव चांगल्या शब्दांत घातल्याचे कळते. वडील नागपूरचे बोलत नाहीत. काल आई म्हणाली, "अरे, सतरंजीवर मधे बस ना. असा कडेला अंग चोरून काय बसतोस?" मी म्हणालो, सवय झाली.

झाले ते सगळे क्रमाने लिहून काढावे, म्हणजे चूक कुठे आहे ते सापडेल, म्हणून हे लिहायला बसलो. अजून सापडलेली नाही. दहा पाने झाली. एवढ्या मजकुराला पाचच पुरली असती, पण मी प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडेच लिहीत आलो आहे.

उजवी बाजू माझी नाही.